पोटातलं बाळ आणि श्वासातला धूर : गरोदरपणात बाळाच्या मेंदूला जपण्यासाठी घरानं काय करायचं

गरोदर बाईनं काय खावं आणि काय खाऊ नये, यावर घरातल्या प्रत्येकाचं ठाम मत असतं. ती श्वासातून काय आत घेते, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. पपईच्या एका फोडीवरून घर डोक्यावर घेणारी माणसं रात्री तिच्याच उशाशी डासांची कॉइल लावून निवांत झोपतात.

म्हणून एक विनंती. हा लेख नवऱ्यानं, सासूबाईंनी आणि माहेरच्या आईनं आधी वाचावा. घरातल्या बहुतेक धुराचा निर्णय गरोदर बाईच्या हातात नसतोच. चूल की गॅस, बाल्कनीत सिगारेट ओढायची की नाही, गीझर कुठे बसवायचा, हे दुसरेच ठरवतात. तिला फक्त "जप हं" म्हणायचं आणि बाकी सगळं आहे तसंच ठेवायचं, याला जपणं म्हणत नाहीत.

आधी, नेमकं काय माहीत आहे

हवेतले २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कण, म्हणजे पीएम २.५, केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढे असतात. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि त्यातले अगदी बारीक कण रक्तातही उतरतात. गरोदरपणात दर मिनिटाला आत घेतली जाणारी हवा ३० ते ५० टक्क्यांनी वाढते. त्याच खोलीत, त्याच हवेत ती इतरांपेक्षा जास्त धूर घेत असते.

वार, म्हणजे प्लासेंटा, सगळं गाळून घेते, असा एक समज होता. २०१९ मध्ये बेल्जियममधल्या हॅसेल्ट विद्यापीठाच्या संशोधकांना वारेच्या बाळाकडच्या बाजूला काजळीचे कण सापडले. २०२२ मध्ये त्याच गटानं स्कॉटलंडमधल्या शास्त्रज्ञांसोबत गर्भाचं यकृत, फुप्फुस आणि मेंदू तपासले, तेव्हा तिथेही काजळी होती. हे गर्भ पहिल्या दोन तिमाहींतले होते.

मग मेंदूवर परिणाम दिसतो का? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात फ्रेडरिका परेरा यांच्या गटानं धूम्रपान न करणाऱ्या गरोदर बायकांच्या पाठीवर हवा मोजणारी छोटी यंत्रं दोन-दोन दिवस दिली. इंधन जळताना निघणाऱ्या पीएएच या रसायनांचं प्रमाण त्यातून कळलं. पुढे ती मुलं पाच वर्षांची झाल्यावर, ज्यांच्या आयांनी ही रसायनं जास्त घेतली होती त्यांचा बुद्ध्यंक सरासरी चार गुणांनी कमी भरला. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅममध्ये ७८३ मुलांच्या मेंदूची एमआरआय चित्रं घेतली गेली. ज्यांच्या आया गरोदरपणी जास्त बारीक कणांत राहिल्या होत्या, त्यांच्या मेंदूचा बाहेरचा थर काही भागांत पातळ दिसला. रॉटरडॅमची ती हवा बहुतांशी युरोपच्या तेव्हाच्या मर्यादेच्या आत होती, हे लक्षात घ्या.

मला सगळ्यात जास्त पटतो तो चीनमधल्या टोंगलियांगचा दाखला. तिथलं कोळशावरचं वीजकेंद्र २००४ मध्ये बंद झालं. बंद होण्याआधी जन्मलेल्या मुलांमध्ये गर्भातलं प्रदूषण आणि दोन वर्षांच्या वयातला मंद विकास यांचा संबंध दिसला होता. नंतर जन्मलेल्या मुलांमध्ये तो दिसला नाही. गाव तेच होतं, फक्त धुराडं थांबलं होतं.

आता दुसरी बाजू. यातले बहुतेक अभ्यास निरीक्षणाचे आहेत. रहदारीच्या रस्त्याकडेला राहणारं कुटुंब बहुधा गरीबही असतं, तिथे आवाज जास्त, आहार कमी. संशोधक हे फरक हिशेबातून वजा करतात, पण ते पुरते वजा होत नाहीत. आणि चार गुण ही सरासरी आहे. तुमच्या बाळाचं पुढे काय होईल, हे हवेच्या आकड्यावरून कुणीही सांगू शकत नाही. घरातलं बोलणं, खेळणं, आईचं दूध, आहार, शाळा यांचा वाटा मोठा असतो. तेव्हा जे महिने गेले त्यांचा हिशेब मांडत बसू नका.

मेंदूची घडण मात्र पूर्ण नऊ महिने चालते. मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून घडतात ती मज्जानलिका गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते, म्हणजे कित्येकींना दिवस गेल्याचं कळण्याआधी. दुसऱ्या तिमाहीत पेशी आपापल्या जागी जातात आणि शेवटच्या तिमाहीत जोडण्या झपाट्यानं वाढतात. त्यामुळे "आता काय, सातवा लागला" असं म्हणून सोडून देण्यासारखा एकही महिना नाही.

पायरी १ : एका दिवसाची धुराची यादी

कागद घ्या. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तिच्या आसपास काय काय जळतं ते लिहा. आंघोळीचा बंब, देवघरातली उदबत्ती, फोडणी, सासऱ्यांची विडी, कोपऱ्यावरची कचऱ्याची शेकोटी, ऑफिसला जातानाचा सिग्नल, रात्रीची कॉइल. प्रत्येकापुढे किती वेळ ते लिहा.

यादी झाली की क्रम लावायचा, आणि तो अंतरावरून लावायचा. दहा किलोमीटरवरच्या कारखान्याबद्दल चीड यावी हे बरोबरच आहे, पण बंद खोलीतली कॉइल तिच्या फुप्फुसात त्याहून कितीतरी जास्त कण सोडते. नाकाजवळचा धूर आधी.

पायरी २ : आजच्या आज बंद करायच्या गोष्टी

डासांची कॉइल यात सगळ्यात वर. एक कॉइल पूर्ण जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण सोडते, असं २००३ च्या एका मोजणीत आढळलं आहे. पण डासांपासूनचा बचाव सोडायचा नाही. गरोदरपणात मलेरिया आणि डेंगी दोन्ही घातक असतात. मच्छरदाणी लावा, खिडक्यांना जाळी बसवा, कूलर-कुंड्यांतलं पाणी आठवड्याला ओता. मच्छरदाणीत गुदमरतं ही तक्रार खरी आहे, तर पंखा मच्छरदाणीच्या बाजूला ठेवा, वरून सोडू नका.

सिगारेट आणि विडी घराबाहेर. बाल्कनी म्हणजे बाहेर नव्हे, तिथला धूर त्याच दारानं परत आत येतो. आणि ज्या घरांत बायका मिश्री लावतात तिथे हेही सांगायला हवं की घरी तंबाखू भाजून मिश्री करताना खोलीभर धूर होतो आणि लावल्यावर निकोटिन थेट रक्तात जातं. गरोदरपणी दोन्ही नको. "दात शिवशिवतात म्हणून लावते" असं म्हणणाऱ्या बाईला दम देण्यापेक्षा दातांच्या डॉक्टरकडे नेलं तर ती सुटण्याची शक्यता जास्त.

उदबत्ती आणि धूप हा नाजूक विषय. देवापुढे काहीच लावू नका असं सांगितलं तर कुणी ऐकणार नाही, आणि ऐकावंच असंही नाही. नुसतं निरांजन पुरे. धुपाटणं फिरवायचंच असेल तर ती दुसऱ्या खोलीत किंवा गच्चीवर असताना फिरवा आणि नंतर अर्धा तास खिडक्या उघड्या ठेवा.

यापुढची गोष्ट वाचताना घाई करू नका, कारण ती बुद्ध्यंकाच्या दोन-चार गुणांची नाही, जिवाची आहे. गॅसवर चालणारा गीझर बंद न्हाणीघरात बसवलेला असेल तर तो आजच वापरातून काढा. हवा अपुरी पडली की तिथे कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो आईच्या रक्तापेक्षा बाळाच्या रक्तात जास्त साठतो आणि उतरायलाही जास्त वेळ घेतो, त्यामुळे आई सावरली तरी बाळाच्या मेंदूला इजा झालेली असू शकते. गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत हवा, आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ. तोवर पाणी बादलीत काढून आणा. आंघोळ करताना डोकं दुखलं, गरगरलं, मळमळलं तर "गरोदरपणात होतंच" असं समजू नका. दार उघडून बाहेर या आणि दवाखान्यात सांगा की गीझर गॅसचा आहे. थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपण्याचा धोकाही हाच.

पायरी ३ : चूल, बंब आणि फोडणी

गॅस आला म्हणजे चूल गेली, असं कागदावर होतं. प्रत्यक्षात विदर्भ-मराठवाड्यात गॅसशेजारी पऱ्हाट्या आणि तुऱ्हाट्यांची चूल असतेच, कारण इंधन शेतातून फुकट येतं आणि सिलिंडर पैशानं. बीडकडून कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात ऊसतोडीला गेलेल्या गरोदर बाईची कोपी पाचटाची असते, चूल तिच्या तोंडाशी. तिला "प्युरिफायर घ्या" सांगणारा लेख काय कामाचा?

जिथे गॅस आहे तिथे पहिला नियम असा की या नऊ महिन्यांत चुलीचं काम तिच्याकडे नको. फुंकणी दुसऱ्यानं धरायची. दुसरा नियम बंबाचा. स्वयंपाक गॅसवर आला तरी आंघोळीचं पाणी लाकडांवर तापतं, आणि पहाटेचा तो धूर हिशेबात कुणीच धरत नाही. बंब परसात, वारा धूर घराकडे आणणार नाही अशा बाजूला लांब हलवा. तो पेटवण्याचं काम घरातल्या पुरुषानं घ्यायला काहीच हरकत नाही.

सिलिंडर पुरवायचा कसा? डाळ-कडधान्यं भिजवून, कुकरमध्ये शिजवली की गॅस बराच वाचतो. उज्ज्वला योजनेत १४.२ किलोच्या ऐवजी ५ किलोच्या टाक्याही मिळतात, एकदम मोठी रक्कम काढायची नसेल तर त्या सोयीच्या. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. अंगणवाडी ताईंकडे नोंद करा आणि त्यातले एक-दोन सिलिंडरचे पैसे बाजूला काढा. वीज भरवशाची असेल तर इंडक्शन शेगडी चांगली. तिच्यावर चहा, वरण-भात, पाणी तापवणं सहज होतं. भाकरी चुलीवरचीच लागते असा ज्याचा हट्ट, त्यानं ती चुलीवर स्वतः थापावी.

चुलीला पर्यायच नसेल तर ती अंगणात आणा. कोरडं, बारीक फोडलेलं लाकूड वापरा. गोवऱ्या आणि ओलं सरपण सगळ्यात जास्त धुरतात. प्लॅस्टिक, दुधाच्या पिशव्या, रबर चूल पेटवायला कधीही घालू नका. निर्धूर चुलीनं धूर कमी होतो, संपत नाही, म्हणून तिच्यावर विसंबून चूल पुन्हा आत आणू नये.

इथे एक प्रामाणिक नोंद हवी. भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथल्या ३,२०० गरोदर बायकांवर एक मोठी चाचणी झाली, भारतातलं ठिकाण तमिळनाडूत होतं. अर्ध्या जणींना गॅसची शेगडी आणि फुकट इंधन दिलं. चुलीवर राहिलेल्यांच्या वाट्याचा पीएम २.५ घनमीटरला साधारण ७० मायक्रोग्रॅम होता, गॅसवाल्यांचा २४, पण २०२२ मध्ये निकाल आले तेव्हा बाळांच्या जन्मवजनात ठळक फरक दिसला नाही. त्या बायकांना गॅस मिळाला तो नवव्या ते विसाव्या आठवड्याच्या दरम्यान. माझं मत असं की गॅस लग्नानंतर, मुलाचा विचार करतानाच यायला हवा, दिवस गेल्यावर नव्हे.

गॅसवरही फोडणी आणि तळण यांचा धूर होतोच. चिमणी असेल तर तिचा पाइप बाहेर निघतो का ते पाहा. नुसती जाळी आणि कोळशाची फिल्टर असलेली चिमणी बरीचशी हवा पुन्हा स्वयंपाकघरातच सोडते. साधा एक्झॉस्ट पंखा त्यापेक्षा बरा. तो स्वयंपाकाआधी सुरू करा आणि गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं चालू ठेवा.

पायरी ४ : हवेचा आकडा वाचायला शिका

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' हे ॲप आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेची 'सफर' सेवा, दोन्ही फुकट आहेत. भारतीय मापात, म्हणजे हवा गुणवत्ता निर्देशांकात (एक्यूआय), ० ते ५० चांगली, ५१ ते १०० समाधानकारक, १०१ ते २०० मध्यम, २०१ ते ३०० वाईट, ३०१ ते ४०० अतिशय वाईट आणि त्यापुढे गंभीर.

'मध्यम' या शब्दावर जाऊ नका. पीएम २.५ घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम ओलांडतो तेव्हा 'मध्यम' सुरू होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये दिवसासाठी घालून दिलेली मर्यादा १५ आहे, म्हणजे आपलं मध्यम तिच्या चौपटीवर सुरू होतं. आपलं राष्ट्रीय मानक २००९ चं आहे. त्यात दिवसाला ६० आणि वर्षाची सरासरी ४० चालते. संघटनेची वर्षाची सरासरी ५ आहे.

दुसरा घोळ मापांचा. फोनमधली काही परदेशी ॲप्स अमेरिकी माप दाखवतात. तिथे ६० मायक्रोग्रॅमला आकडा दीडशेच्या पुढे जातो, आपल्या मापात तो १०० असतो. दोन ॲप्सची तुलना करून घाबरण्यात किंवा निर्धास्त होण्यात अर्थ नाही. एक ॲप धरा आणि त्यात एकूण आकड्यापेक्षा पीएम २.५ चा मायक्रोग्रॅममधला आकडा पाहा.

गरोदर बाईसाठी मी ढोबळ हिशेब असा सांगेन. भारतीय माप १०० च्या आत असेल तर नेहमीसारखं फिरा. १०० ते २०० मध्ये फिरणं मुख्य रस्त्यापासून लांब आणि रहदारीत मास्क. २०० च्या पुढे चालणं घरातच, बाहेरची टाळता येणारी कामं पुढे ढकला. ३०० च्या पुढे दवाखान्याखेरीज बाहेर नको. आणि धुराचा वास येत असेल तर ॲप काही का म्हणेना, तिथून निघा. हवा मोजणारं केंद्र कित्येकदा काही किलोमीटर लांब असतं, तुमच्या इमारतीमागे जळणारा कचरा त्याला दिसत नाही.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा धुतलेली असते. दसरा-दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत ती बिघडते, कारण थंडीत जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार हवेखाली झाकण लावल्यासारखी अडकते आणि धूर वर जात नाही. यामुळेच हिवाळ्यात पहाटेचं फिरणं, जे सगळे आरोग्यदायी समजतात, ते पुण्या-मुंबईत सगळ्यात घाणेरड्या हवेत होतं. दुपारी तीन-चारनंतर, ऑफिसं सुटण्याआधी चाला.

दिवाळीबद्दल एक माहिती मुलांना जरूर सांगा. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननं २०१६ मध्ये फटाके मोजले, तेव्हा सगळ्यात जास्त बारीक कण सोडणारा निघाला तो आवाज न करणारा फटाका, सापाची गोळी. हजाराची लड तिच्या मागे. "लहानगा आहे, नुसती सापाची गोळी लावतोय" म्हणून गरोदर काकूच्या दारात ती लावू देऊ नका.

पायरी ५ : बाहेर पडताना

रस्त्याच्या कडेपासून दीडशे-दोनशे मीटर आत गेलं की गाड्यांचा धूर बराच उतरतो. कामावर जायला समांतर गल्ली असेल तर पाच मिनिटं जास्त घालवा. दुचाकीवर डंपर किंवा जुन्या टेम्पोच्या मागे थांबू नका. चारचाकीत गर्दीच्या सिग्नलला आतली हवा फिरवणारं बटण दाबा, पण मोकळ्या रस्त्याला लागताच काढा, नाहीतर गुदमरल्यासारखं होतं.

पदर, ओढणी, रुमाल आणि कापडी मास्क यांतून पीएम २.५ आरपार जातो. एन-९५ किंवा एफएफपी-२ लागतो, आणि तोही गालाला घट्ट बसलेला. नाकाजवळून हवा निसटून चष्मा धुरकट होत असेल तर तो बसलेला नाही. गरोदरपणात श्वास आधीच लागतो, म्हणून एका वेळी अर्धा-पाऊण तास पुरे. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

वीटभट्टी, गुऱ्हाळ, झाडलोट, वाहतूक पोलिसांचं काम, पेट्रोल पंप अशा ठिकाणी काम करणाऱ्या बाईला हा सगळा उपदेश तोकडा आहे. तिनं पहिल्याच तपासणीत आपलं काम डॉक्टरांना सांगावं आणि काम बदलून मिळण्यासाठी लेखी चिठ्ठी मागावी. तोंडी विनंतीपेक्षा चिठ्ठी मुकादमापुढे जास्त चालते.

पायरी ६ : झोपायची खोली

दिवसाचे आठ-नऊ तास ती एकाच खोलीत काढते, म्हणून सगळ्या घराच्या मागे न लागता ती एक खोली स्वच्छ करा. रस्त्याकडची असेल तर मागच्या बाजूची घ्या. सकाळ-संध्याकाळ गर्दीच्या वेळी खिडक्या बंद, दुपारी उघड्या. केरसुणीनं कोरडं झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसा.

हवा शुद्ध करणारं यंत्र घ्यावं का? मंगोलियाची राजधानी उलानबातरमध्ये, जिथे हिवाळ्यात घराघरांत कोळसा जळतो, ५४० गरोदर बायकांवर चाचणी झाली. यंत्र मिळालेल्या घरांत पीएम २.५ सुमारे २९ टक्क्यांनी घटला. मुलं चार वर्षांची झाल्यावर त्या गटाचा बुद्ध्यंक सरासरी अडीच ते तीन गुणांनी जास्त निघाला. आकडेशास्त्राच्या काटेकोर कसोटीवर हा निकाल काठावरचा आहे, तरी यंत्र कुणाला द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या चाचणीतून आलेला असल्यानं मी त्याला वजन देतो.

म्हणून परवडत असेल तर घ्या, पण हिशेबानं. खोली १० बाय १२ फूट आणि उंची १० फूट असेल तर ती होते १,२०० घनफूट, म्हणजे साधारण ३४ घनमीटर. तासाला पाच वेळा सगळी हवा गाळून निघायला हवी, म्हणजे ३४ गुणिले ५, साधारण १७० घनमीटर. यंत्राच्या खोक्यावर सीएडीआर नावाचा आकडा असतो, म्हणजे ते तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं ते. तो यापेक्षा जास्त हवा. तो आकडा पूर्ण वेगाचा असतो आणि त्या आवाजात झोप लागत नाही, तेव्हा दीडपट मोठं यंत्र घेऊन मधल्या वेगावर चालवा. फिल्टर हेपा, म्हणजे बारीक कण अडवणारी, हवी. आयन किंवा ओझोन सोडणारी जोड असेल तर बंद ठेवा, ओझोन फुप्फुसाला त्रास देतो. दुकानात शिरतानाच बदली फिल्टरची किंमत विचारा, कारण खरा खर्च तोच. आणि कॉइल, उदबत्ती चालू ठेवून यंत्र घेणं म्हणजे पैसे धुरात घालणं.

बाळ येणार म्हणून खोली रंगवायची हौस असते. जुन्या वाड्यातला किंवा चाळीतला रंग घासून काढू नका. त्यात शिसं असू शकतं, आणि शिशाची धूळ बाळाच्या मेंदूला घातक असते यात कुठलाही वाद नाही. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ही मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, भिंतीवरचे थर त्याआधीचे असतात. काम करायचंच असेल तर ती माहेरी असताना, आणि नंतर सगळं ओलं पुसून.

पायरी ७ : दवाखान्यात

धुराची यादी तपासणीला सोबत न्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तज्ज्ञांकडून मोफत तपासणी होते, आशाताईंना विचारा. प्रदूषणाचा संबंध वाढलेल्या रक्तदाबाशी, कमी वजनाशी आणि मुदतीआधीच्या बाळंतपणाशीही आहे, आणि लवकर जन्मलेल्या बाळाच्या मेंदूला जास्त जपावं लागतं. म्हणून रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि बाळाची वाढ यांच्या तारखा चुकवू नका. फॉलिक ॲसिड शक्यतो दिवस जाण्याआधीपासून, पुढे लोहाच्या गोळ्या, मीठ आयोडीनयुक्त. यांनी धूर धुऊन निघत नाही, पण मेंदूच्या घडणीला लागणारा माल कमी पडत नाही.

पायरी ८ : गल्ली आणि सोसायटी

उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्ये देशभर बंदी घातली. साध्या जाळण्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये दंड ठरवला. सोसायटीचा माळी पालापाचोळा जाळत असेल तर त्याच्यावर ओरडू नका, त्याला खड्डा आणि टोपली द्या. शेजारच्या बांधकामाची धूळ असेल तर फोटो, तारीख, वेळ यांसह वॉर्ड ऑफिसात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. मुंबई महापालिकेनं ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांसाठी पत्र्याचं कुंपण, आच्छादन, पाणी मारणं असे नियम काढले आहेत, त्यांचा उल्लेख केलात तर उत्तर लवकर येतं. तक्रार नवऱ्याच्या किंवा सोसायटीच्या नावानं जाऊ द्या, पोटुशीला खेपा कशाला.

पायरी ९ : बाळ आल्यावर

नऊ महिने जपलेलं घर बाळंतिणीच्या खोलीत नेमकं उलटं वागतं. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, दारं-खिडक्या बंद, आणि न्हाऊ घातल्यावर ओवा, वावडिंग, शेपा टाकून बाळाला धुरी. यामागची माया खरी आहे, पण बंद खोलीतल्या निखाऱ्यांमधून कार्बन मोनॉक्साइड येतो आणि धुरी थेट नवजात फुप्फुसात जाते. शेक हवा तर गरम पाण्याची पिशवी आहे. बाळाला ऊब द्यायला आईच्या छातीशी उघड्या अंगानं धरून वर पांघरूण घेणं सगळ्यात उत्तम. ओवा-शेपा आईच्या सुपारीत राहू द्या. सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा हे वाक्य डॉक्टरांकडून त्यांच्यासमोर वदवून घ्या.

मग बाळाशी बोला, गाणी म्हणा, पालथं पडू द्या. जन्मानंतरही मेंदू घडतच असतो आणि त्या काळात घराच्या हातात खूप काही असतं. साधारण दोन महिन्यांत ते तुमच्याकडे पाहून हसतं, चौथ्यापर्यंत मान धरतं, आठ-नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसतं, वर्षाच्या आसपास नावाला वळून पाहतं आणि एखादा अर्थाचा शब्द बोलतं, दीड वर्षापर्यंत हवी ती वस्तू बोटानं दाखवतं, दोन वर्षांपर्यंत "आई ये" असे दोन शब्द जोडतं. थोडं मागेपुढे चालतं. पण बराच उशीर होत असेल, किंवा आलेला शब्द गेला, नजर भिडेनाशी झाली, तर "आमच्याकडे मुलगे उशिराच बोलतात" यावर थांबू नका. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, ते जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी देतं. तिथे कानाची तपासणी आधी करून घ्या, कारण न बोलण्यामागे कित्येकदा न ऐकू येणं असतं. जन्माच्या वेळचं माता व बाल संरक्षण कार्ड सोबत न्या.